मुरलेली यंत्रं

लग्नसराई सुरू झाली की मला फोन यायला लागतात. आतेभाऊ, जुने सहकारी, आईच्या भिशीतल्या काकू. विचारायचं सगळ्यांना एकच असतं, "कोणता मोबाइल घेऊ?" मला यंत्रांचा नाद आहे हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नवा फोन बाजारात आला की त्यात चिप कोणती, पडदा कसला, चार्जर किती वॉटचा, हे मी कुणी न सांगता वाचून काढतो. तरी अलीकडे उत्तर द्यायच्या आधी मीच एक प्रश्न विचारतो. "मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा फोन कुठे असणार आहे?"

नागपूरकराला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर ती तापलेलीच असते. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर खळबळ उडाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. त्या आकड्यापेक्षा त्या सेन्सरचाच विचार माझ्या डोक्यात जास्त दिवस राहिला. ऐन उन्हाळ्यात मोजणारं यंत्रच भरवशाचं राहिलं नव्हतं.

अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश असं सांगते. ३५ अंश आमच्याकडे मार्चच्या दुपारीच ओलांडले जातात. पुढचे तीन महिने नागपुरातला फोन कागदावरच्या मर्यादेबाहेर जगतो. यात सगळ्यात जास्त सोसते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तेव्हापासून तिची क्षमता कितीतरी वाढली, पण उष्णतेशी तिचं वैर कायम आहे. आतल्या ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर धरलेला असतो. तोच बॅटरीचं रक्षण करतो. उष्णतेत मात्र तो जाड होत जातो आणि जाड होताना आतलं लिथियम गिळतो. ते लिथियम परत कामाला येत नाही. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार झाला की बॅटरी फुगते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, उन्हात बाहेर पडायचं असेल तर फोन शंभर टक्के भरून नेऊ नका. भरलेली आणि तापलेली, अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या की बॅटरीचं आयुष्य सगळ्यात वेगानं झिजतं.

वर्धा रोडवर दुपारी सिग्नलला थांबलेली डिलिव्हरीची पोरं बघा. हँडलला लावलेल्या फोनवर ओला रुमाल टाकलेला असतो, नाहीतर पुठ्ठ्याचं छप्पर केलेलं असतं. त्यांची रोजी त्या फोनवर आहे. फोन बनवणाऱ्यांनी त्या पुठ्ठ्याकडे एकदा नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. जाडी अर्ध्या मिलिमीटरनं कमी केल्याचं कौतुक ज्या मंचावर होतं, तिथे त्या पुठ्ठ्याचा विषय कधी निघालेला मी ऐकला नाही.

माझा स्वतःचा एक महागडा फोन दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगला. मागची काच एका कोपऱ्यातून उचलली गेली. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, बॅटरी चिकटवलेली आहे. काढताना पडदा गेला तर आमची जबाबदारी नाही. नवीनच घ्या ना." ज्या वस्तूसाठी मी दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवला होता, ती एका बॅटरीपायी टाकून द्यायची?

मी फोन घेऊन बर्डीत गेलो. सीताबर्डीला आम्ही बर्डीच म्हणतो. तिथल्या एका गल्लीत जिन्याखाली एक दुकान आहे. तिथले काका मला शाळेपासून ओळखतात. त्यांनी फोन हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला, आणि काही न बोलता मागच्या काचेवर गरम हवा सोडली. मग प्लास्टिकचं पातळ पान आत सरकवलं, डिंकावर स्पिरिटचे थेंब सोडले, वाट पाहिली, पुन्हा सोडले. पाऊण तासानं फुगलेली बॅटरी अलगद निघाली. तिला कुठेही टोचू न देता त्यांनी ती कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीत ठेवली. "खोलता येते भाऊ," ते म्हणाले, "टाइम द्या लागते फक्त." तो फोन आज आईकडे आहे आणि व्यवस्थित चालतो.

युरोपीय संघानं नियम केला आहे की फेब्रुवारी २०२७ पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. मला त्या पोर्टलापेक्षा युरोपच्या नियमाकडून जास्त आशा आहे, कारण तो वस्तू बनतानाच लागू होतो.

आता कूलर. माझ्या मते नागपूरच्या घरातलं सगळ्यात हुशार यंत्र कूलर आहे.

आमचा कूलर बाबांनी १९९४ साली पत्रेवाल्याकडून बनवून घेतला. पत्र्याची बॉडी, तीन बाजूंना ताट्या, खाली टाकी, आत पंखा आणि छोटा पंप. मोटरचं वाइंडिंग दोनदा झालं, पंप किती बदलले त्याची मोजदाद नाही, टाकीच्या तळाला दर दोन वर्षांनी डांबर लागतं. बाबा गेले तरी हे सगळं चालू आहे. दर एप्रिलमध्ये मी जुन्या ताट्या काढतो, त्यात साचलेली खरबड झटकतो, नवं गवत भरतो आणि त्यावर वाळ्याचा पातळ थर देतो. पहिलं पाणी सोडल्यावर जो वास येतो, तो मला दुसऱ्या कुठल्याही यंत्राकडून कधी मिळालेला नाही.

त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट. एका खोलीला पुरणारा कूलर तासाला दहा लिटर पाणी उडवत असेल तर तो ताटीतून जाणाऱ्या हवेतून साडेसहा युनिटांच्या आसपास उष्णता काढतो, आणि मीटरवर पंखा-पंपाचे मिळून दोनशे वॉट पडतात. दीड टनाचा एसी चालायला दीड हजार वॉटच्या घरात वीज घेतो.

हे नागपुरात जमतं कारण आमची हवा कोरडी आहे. तापमान ४५ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा, पारा २४ च्या आसपास येऊन थांबतो. कूलर तुम्हाला त्या २४ च्या दिशेनं नेत असतो. ताट्या चांगल्या भिजल्या असतील तर तो २८-२९ पर्यंत आणून सोडतो. जून उलटून पाऊस आला की हवेत ओल भरते, उडायला जागा उरत नाही, आणि तोच कूलर खोलीत नुसती चिकचिक करतो. मुंबईच्या लोकांनी कूलरला नावं ठेवू नयेत. त्यांच्या हवेत तो चालणारच नाही. खिडकी उघडी ठेवावी लागते, हेही अनेकांना माहीत नसतं. ओली हवा बाहेर पडली नाही तर आतल्या हवेची तहान भागते आणि गारवा संपतो.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढा, स्विच नुसता बंद करून भागत नाही. लहान मुलांना कूलरच्या पत्र्याला हात लावू देऊ नका.

कूलरचा आणखी एक गुण सांगायचा राहिला, तो म्हणजे त्याचं बटण. रात्री दोन वाजता, काळोखात, झोपेत, हात उशीवरून उचलून मी तो गोल खटका एक घर मागे फिरवतो. डोळे उघडायची गरज पडत नाही. हाताला त्याचं "टक्" कळतं. गेल्या दहा वर्षांत गाड्यांमधून ही "टक्" नाहीशी झाली आणि काचेचा एक मोठा पडदा आला. वायपर लावायला, एसीचा झोत वळवायला रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर न्यावी लागते. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून हॉर्न, इंडिकेटर, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं असल्याशिवाय पूर्ण गुण न द्यायचं ठरवलं. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या कूलरचा खटका आठवला.

या सगळ्याला एक नाव असावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते मला एका जपानी माणसामुळे सापडलं.

गुनपेई योकोई १९६५ साली क्योटोच्या निन्टेंडो कंपनीत लागले. आज व्हिडिओ गेमसाठी ओळखली जाणारी ती कंपनी तेव्हा पत्ते बनवायची. हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापणारी यंत्रं चालू ठेवणं हे योकोईंचं काम. पुढे ते खेळणी बनवायला लागले. शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून १९८० चा गेम अँड वॉच हा खिशातला खेळ आला. त्यातला पडदा आणि चिप कॅल्क्युलेटरच्या घराण्यातली होती. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेमुळे हे भाग तोवर स्वस्त आणि भरवशाचे झाले होते. १९८२ मध्ये त्याच मालिकेतल्या एका खेळासाठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण बनवलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक गेमच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली ते बटण असतं.

योकोईंच्या विचाराला जपानीत "कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको" म्हणतात. "कारेता" म्हणजे वाळलेलं, सुकलेलं. इंग्रजीत त्याचं भाषांतर कोमेजलेलं असं होतं आणि त्यामुळे अर्थ उणा पडतो. जपानी अभियंते तो शब्द वापरतात ते वापरून वापरून सगळे दोष कळलेल्या, स्वस्त झालेल्या, भरवशाच्या तंत्राबद्दल. असं तंत्र घ्यायचं आणि ज्या जागी कुणी ते वापरून पाहिलं नाही तिथे नेऊन बसवायचं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आईनं बरणी उघडली होती आणि कैरीचं लोणचं आता मुरलं की नाही ते बघत होती. तेव्हाच मला शब्द मिळाला. मुरलेलं. तंत्रज्ञानही मुरावं लागतं. मीठ-तिखट सगळ्यांकडे सारखंच असतं. फोडीच्या आतपर्यंत पोचायला त्याला दिवस लागतात.

निन्टेंडोचा १९८९ चा, हातात धरून खेळायचा गेम बॉय हे या विचाराचं सगळ्यात मोठं उदाहरण. हिरवट पडदा, चार छटा, मागून उजेड नाही. दुसऱ्याच वर्षी सेगा या स्पर्धक कंपनीनं गेम गिअर आणला, रंगीत आणि उजळ. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर कुणीही गेम गिअरकडेच हात नेला असता. पण तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास तरी चालायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. आखाती युद्धातल्या स्फोटात जळून बाहेरचं प्लास्टिक वितळलेला एक गेम बॉय अनेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात मांडून ठेवला होता, आणि तो चालत होता. त्याचा फोटो मी कितीदा पाहिला असेन. काळवंडलेला, फोड आलेला, आणि पडद्यावर खेळ सुरू.

माझं स्वतःचं बालपण त्याच घराण्यातल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या एका डब्याबरोबर गेलं. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला. त्याचा मेंदू १९७५ च्या ६५०२ या स्वस्त प्रोसेसरवर आधारलेला होता, म्हणजे तोही मुरलेलाच. नव्वदीत भारतभर घरोघर जे "टीव्ही गेम" आले ते बहुतेक याच यंत्राच्या नकला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी १९९६ च्या दिवाळीत बाबांच्या बोनसमधून एक आला. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. तिच्यावर "९९९९ इन वन" लिहिलेलं असायचं आणि आत तेच वीस-पंचवीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मला तेव्हा त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. आज आपण फोनवर काढतो तो एक फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला त्यात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हे मला पंचविशीत कळलं आणि त्या दिवशी मी मुद्दाम तो खेळ लावून नुसते ढग बघत बसलो.

कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. सगळा भारत मारायचा, सगळं जग मारायचं. फुंकरीनं काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्यामुळे पट्ट्या नीट टेकायच्या. उलट श्वासातल्या ओलीनं त्या पट्ट्या गंजतात. हे मला बर्डीतल्या त्याच काकांनी सांगितलं होतं. मी सहावीत होतो. त्यांनी माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर फिरवलं, काळा मळ निघाला. "फू-फू करू नको बे," म्हणाले. "घास."

गेल्या वर्षी मे महिन्यात ताईचा मुलगा पुण्याहून सुटीला आला. वय अकरा. माळ्यावरून कूलरच्या जुन्या ताट्या काढताना त्याला तो डबा सापडला, आणि डब्याबरोबरची नारिंगी बंदूक. बदकं मारायचा खेळ. दुपारी कूलरच्या झोतात बसून मी आणि दादानं त्या बदकांमागे दोन उन्हाळे घालवले होते. भाच्यानं डबा आमच्या मोठ्या एलईडी टीव्हीला जोडला. चित्र आलं, आवाज आला, बदकं उडाली. बंदूक एकदाही लागली नाही.

"मामा, खराब झालीय."

बंदूक खराब नव्हती. ती बंदूक काही मारत नाही, ती बघते. नळीत एक भिंग आणि उजेड ओळखणारा छोटा भाग असतो. घोडा ओढला की खेळ एका क्षणासाठी पूर्ण पडदा काळा करतो आणि पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि लगेच उजेड, असं बंदुकीला दिसलं तर नेम लागला. हे सगळं एका सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाच्या हिशेबात चालतं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात, त्यावरून कोणतं मेलं ते कळतं. लहानपणी आम्ही बंदूक बल्बकडे धरून फसवायला बघायचो. फसायचं नाही, कारण आधीचा अंधार बल्बला दाखवता येत नाही. ज्या कुणी ही युक्ती काढली त्याच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

जुन्या डब्यासारख्या टीव्हीत खेळानं पाठवलेली रेघ त्याच क्षणी काचेवर उमटते. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, साफ करतो, मोठं करतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीनं बघून झालेलं असतं. पांढरा चौकोन येतो, पण उशिरा. शिवाय ती बंदूक जुन्या टीव्हीच्या वेगवान लुकलुकीलाच ओळखायला शिकवलेली असते. नव्या पडद्याचा उजेड तिच्या भाषेतलाच नाही.

भाच्यानं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जुना टीव्ही कुठे मिळेल?"

आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीत गेलो. काकांच्या दुकानात वरच्या फळीवर एकवीस इंची टीव्ही होता. "पडूनच हाय," ते म्हणाले, "घेऊन जा. पण आधी ती बंदूक दाखव." तिची तार घोड्यापाशी तुटत आली होती. त्यांनी पोराला स्टुलावर बसवलं आणि हातात पेचकस दिला.

"खोल."

"मी? आणि स्क्रू हरवला तर?"

"स्क्रू नाई, पेच. भेतं काऊन? मी हाय ना. झाकणात ठेव एकेक."

पाच पेच निघाले. बंदूक दोन फाका होऊन टेबलावर पडली. भिंग, स्प्रिंग, बोटाच्या नखाएवढी हिरवी पट्टी. भाचा कितीतरी वेळ ते बघत राहिला. काकांनी मल्टीमीटरची टोकं त्याच्याकडून तारेला लावून घेतली, बझर वाजला नाही तिथे तार सोलायला लावली, झाळण मात्र स्वतः मारलं. त्या रात्री आमच्या घरी पहिलं बदक पडलं तेव्हा आई झोपेतून उठून आली.

काका होते म्हणून बंदूक वाचली, आणि काका वाचवू शकले कारण तिला पाच पेच होते. वस्तू मुरायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं तिला मिळायची तर मध्ये कुणीतरी तिला उघडावं लागतं. मी एकदा हौसेनं स्मार्ट दिवे घेतले होते, फोनवरून रंग बदलणारे. तीन वर्षांनी ते बनवणाऱ्या कंपनीनं सर्व्हर बंद केला. दिवे शाबूत आहेत, आतला एलईडी अजून दहा वर्षं चालेल, पण आता ते पांढऱ्याशिवाय काही लावत नाहीत. खेळांचंही तेच होतंय. २०१४ ला आलेल्या द क्रू या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. तीस वर्षांनी एखाद्या माळ्यावर ती डिस्क एखाद्या पोराला सापडेल. त्याला कुठल्याही बर्डीत नेऊन उपयोग होणार नाही. मला याचा राग येतो.

मी नव्याच्या विरोधात नाही. फक्त नवं कशावर उभं आहे ते बघतो. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलं की मला योकोईंची आठवण येते. कढईच्या वाफेत, तर्रीच्या शिंतोड्यांत लटकलेला तो क्यूआर कोडाचा कागद. डेन्सो या जपानी कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी तो १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला, गो या खेळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना कल्पना सुचली. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांमुळे फोन कसाही धरला तरी तो वाचतो. सगळ्यात भक्कम प्रकारात जवळजवळ तीस टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि बावीस वर्षं मुरलेला हा कोड ठेल्यावर येऊन बसला. त्याच्या शेजारी सिमकार्ड घातलेला छोटा स्पीकर, जो मराठीत सांगतो की पैसे आले. ठेलेवाल्या मावशींचे दोन्ही हात पोह्यात असतात. त्यांना पडदा बघायला लागत नाही.

जूनच्या सुरुवातीला भाचा पुण्याला परत गेला. पहिला पाऊस झाल्यावर मी कूलरची टाकी रिकामी केली, ताट्या उन्हात वाळवल्या. टीव्हीवर आईची जुनी सुती साडी टाकली. आठवडाभरानं ताईच्या फोनवरून त्याचा फोन आला. मागे ताई काहीतरी ओरडत होती.

"मामा, टीव्हीच्या रिमोटचे पेच कुठे असतात?"

"सेलचं झाकण काढ," मी म्हटलं, "आत बघ. आणि निघेल तो एकेक झाकणात ठेव."